रबराचं लेकरू कूलरखाली

नंदनवन, नागपूर
७ मे २०२४

चि. दीक्षास,
आत्याचा सप्रेम जयभीम.

फोन केला असता, पण फोनवर माझा आवाज चढतो आणि तू म्हणतेस, "आत्या, मीटिंगमध्ये आहे." कागदाला मीटिंग नसते. तो बिचारा निमूट ऐकतो. तूही कागदावरच उत्तर दे. तुझं अक्षर पाहिलं की तू समोर बसल्यासारखी वाटतेस.

काल आमचं ट्रेनिंग सुरू झालं. तुझ्याच संस्थेचं. जुलैपासून ज्या पाळणाघरात सर्टिफिकेटवाली एकही बाई नाही त्याला कुलूप लागणार, असं वॉर्डात येऊन सांगून गेले होते. मी म्हटलं, बरं झालं. आजवर लेकरं सांभाळली ती माझ्या अकलेनं. कोणी चार गोष्टी शास्त्राच्या सांगत असेल तर कोणाला नको आहेत? माझं आणि प्रीतीचं, दोघींचं नाव दिलं. प्रीती म्हणजे तुझ्या लग्नात तुझ्या हातावर मेहंदी काढत बसली होती ती, आपल्या गल्लीतली. माझे गुडघे कुरकुरायला लागल्यापासून पाळणाघरातली सगळी धावाधाव तीच करते. माझ्यामागे चालवणारही तीच. तिचा प्रशिक आता चार महिन्यांचा झाला. अंगावर पितो. बाटली तोंडाशी नेली तर असा चेहरा करतो की कोणी कारल्याचा रस पाजून राहिलं.

तर काल आम्ही त्याला घेऊन सीताबर्डीच्या त्या हॉलवर गेलो. दोन जिने चढून दारात पोचलो, तर शिपाई आडवा. वामनराव नाव त्याचं.

"लेकरू बाहेर, माय."

मी विचारलं, "बाहेर म्हणजे कुठं गा?"

"ते मले नाही सांगतलं. आत नाही, एवढंच सांगतलं."

दारावर कागद चिकटवला होता. प्रशिक्षणार्थींनी मुलांना सोबत आणू नये.

"वामनराव, हे ट्रेनिंग कशाचं आहे?"

"लेकरं सांभाळाचं."

"मंग लेकरू काहून नको?"

"मले काय विचारता जी? मी शिपाई आहो. मले विचारून कोणी बोर्ड लावते का?"

हे मात्र त्याचं खरं होतं. शिकवणाऱ्या चारुलता मॅडम बाहेर आल्या. तरुण आहेत, बोलणं गोड आहे. म्हणाल्या, नियम आहे, माझ्या हातात काही नाही. मग प्रीतीनं विक्कीला फोन केला. नवरा ऑटो चालवतो म्हणून निभावलं. तो प्रशिकला घेऊन परत नंदनवनला गेला आणि पाळणाघरात शोभाताईच्या मांडीवर ठेवून आला. आम्ही नाही तेव्हा बाकीची लेकरं शोभाताईच पाहते.

आता ऐक, मॅडमनी पहिला धडा कोणता घेतला. पहिले सहा महिने बाळाला फक्त आईचं दूध. फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं. आम्हाला वहीत लिहायला लावलं. आणि माझ्या बाजूला बसलेली प्रीती पदर ओढून ओढून घेत होती, कारण तिचं ब्लाऊज भिजून राहिलं होतं. तिकडे शोभाताईचा फोनवर फोन, लेकरू आकांत करून राहिलं, नीळंजांभळं झालं. शेवटी प्रीती उठून गेली. मॅडमनी तिची गैरहजेरी लावली. अशा थोड्या लागल्या की सर्टिफिकेट नाही.

आणि समोर टेबलावर काय होतं? रबराचं लेकरू. झालरीचा फ्रॉक घातलेलं, मऊ गादीवर निजवलेलं. कूलरचं तोंड नेमकं त्याच्यावर. मॅडमला घाम येत होता, आम्हाला येत होता, त्याला तेवढा येत नव्हता.

काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात. तुमच्या संस्थेनं कळसा दाराबाहेर ठेवायला लावला आणि वळसा वहीत लिहून घेतला. ज्या बाईला आपलं लेकरू टाकून यावं लागतं, ती दुसऱ्याचं लेकरू कसं सांभाळावं हे कोणत्या मनानं शिकेल?

दीक्षा, हा नियम ज्याच्या डोक्यातून निघाला त्याला एकदा माझ्यासमोर बसव. मी रागावणार नाही. एवढंच विचारीन की बाबा, तुला कोणी वाढवलं?

तुझी आत्या,
भीमाबाई


पुणे
११ मे २०२४

प्रिय आत्या,
सप्रेम जयभीम.

तुझं पत्र ऑफिसात उघडलं. वाचताना माझा चेहरा पाहून शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी विचारलं, घरी सगळं ठीक ना?

तुझा राग मला समजतो. पण असे नियम कोणी हौस म्हणून काढत नाही. मागे एका गावी ट्रेनिंग ठेवलं होतं, तिथे बायकांबरोबर इतकी मुलं आली की वर्गाची जत्रा झाली. एक रडलं की दहा रडायची. शिकवणारीचं कोणाला ऐकू जाईना, बायकांचं लक्ष लागेना. त्यानंतर हे ठरलं. कोणी ठरवलं ते शोधून काय उपयोग? असे निर्णय पाच जण मिळून घेतात.

प्रीतीला सांग, सकाळी निघताना आणि दुपारच्या सुट्टीत हातानं दूध काढून स्वच्छ वाटीत ठेवायचं. शोभाताईंनी चमच्यानं पाजायचं. पुष्कळ नोकरी करणाऱ्या आया असं करतात, त्यात लाजण्यासारखं काही नाही. मला मूल नाही म्हणून मला कळत नाही, असं मनात आणू नकोस.

आणि हो, प्रशिकला घुटी, मध, काही चाटवू नकोस. तुझी ती जुनी सवय मला माहीत आहे.

मॅडमशी भांडू नकोस, आत्या. चारुलता चांगली शिकवते, मीच तिला निवडलं आहे. पहिल्या रांगेत बस आणि ते सर्टिफिकेट घे. तुझ्या पाळणाघराला कुलूप लागलेलं मला या जन्मी पाहायचं नाही. त्या पाळणाघरातच मी लहानाची मोठी झाले.

तुझी,
दीक्षा


नंदनवन, नागपूर
१६ मे २०२४

चि. दीक्षास,
सप्रेम जयभीम.

तुला मूल नाही हे माझ्या मनात आलं नव्हतं. तुझ्याच मनात आलं, ते तूच काढून टाक.

तुझा दुधाचा उपाय करून पाहिला. आता तो कुठे करायचा, ते तू लिहिलं नव्हतंस. हॉलमध्ये आडोसा नाही. राहिला संडास. त्याची कडी तुटलेली, म्हणून मी बाहेरून दार धरून उभी राहिले आणि प्रीती आत नळाच्या बाजूला वाटी घेऊन बसली. बाहेर बायकांची रांग. कोणी म्हणते, "लवकर करा वं." संडासात बसून लेकराचं जेवण काढायचं, हे तुमच्या कोणत्या पुस्तकात लिहिलं आहे? वर ती वाटी ऑटोतून नंदनवनला न्यायची. नागपूरच्या मे महिन्यात इथे पापड पोळपाटावरच वाळतो. शोभाताईनं वास घेतला आणि ओतून दिलं. संध्याकाळी प्रीतीनं ती वाटी धुवून पालथी घातली. तिच्या जागी मी असते तर ती वाटी कोणाच्या तरी डोक्यात घातली असती. ज्याचं जळतं त्यालाच कळतं, दीक्षा.

पण तू काळजी करू नको, आता सोय झाली आहे. कशी ते विचारू नको. प्रशिक आईच्या जवळच असतो, सुट्टी झाली की पितो, आणि प्रीती दिवसभर वर्गात बसते. मीही रोज जाते. एक दिवस चुकवला नाही.

मॅडम खरंच चांगलं शिकवतात. आवाज खणखणीत आहे, खिडकीबाहेरसुद्धा शब्द न् शब्द ऐकू येतो. काल रबराच्या लेकराला आंघोळ कशी घालायची ते दाखवलं म्हणे. मला नीट दिसलं नाही, माझी जागा जरा बाजूला आहे. हात कुठे धरायचा ते प्रीतीनं नंतर सांगितलं. उन्हाचं म्हणशील तर डोक्याला ओला दुपट्टा बांधून बसते, तेवढ्यावर भागतं.

घुटीवरून मात्र माझं आणि मॅडमचं वाजलं असतं. त्या म्हणाल्या, वर्षाच्या आतल्या लेकराला मध म्हणजे विषाची परीक्षा. मी मनात म्हटलं, बाई, अख्खं नंदनवन माझ्या बोटानं मध चाटून मोठं झालं. पण मग त्यांनी का ते सांगितलं, आणि ते कानात अडकून बसलं. घरी आल्यावर मधाची बाटली वरच्या फळीवर ठेवून दिली. मानलं असं नाही. वर ठेवली, एवढंच.

वर्गात महाल भागातली एक पोरगी आहे, मयुरा. तिचंही लेकरू तान्हं. तिनं आमची सोय पाहिली आणि दुसऱ्या दिवशी तीही आपलं घेऊन आली.

तुझी आत्या,
भीमाबाई


पुणे
२० मे २०२४

प्रिय आत्या,
सप्रेम जयभीम.

तुझं पत्र वाचून जिवात जीव आला. तू रोज वर्गात बसतेस, मध फळीवर गेला, म्हणजे आमच्या ट्रेनिंगला यश आलं म्हणायचं. माणसानं थोडं जमवून घेतलं की सगळ्या सोयी होतात, हे मी तुला म्हटलंच होतं.

आता एक काम आहे. तुमच्याच केंद्रावरून आज फोन आला होता. कोणी एक म्हातारी रोज व्हरांड्यात येऊन बसते. कठड्याच्या खांबाला लुगड्याचा झोका बांधते. आधी एक मूल होतं, आता चार झाली आहेत. खाली चादर, ओली फडकी, खुळखुळे, सगळा संसार मांडलेला. शिकाऊ बायका मधून मधून उठून तिकडे डोकावतात. आणि शुक्रवारी देणगी देणारे पाहुणे केंद्र पाहायला येणार आहेत.

मी फोनवरच सांगून टाकलं की झोका उद्याच्या उद्या सोडा आणि त्या बाईंना खाली गेटपाशी बसवा. तू म्हणशील, दीक्षा कठोर झाली. पण आत्या, हे एकदा चालवून घेतलं की मग वर्ग राहत नाही. अशा बायकांना नियम कशासाठी असतो हेच समजत नाही. त्यांना वाटतं आपण उपकार करतो आहोत.

तू तिथे रोज असतेस. ती बाई तुझ्या ओळखीची असेल तर जरा प्रेमानं समजावून सांग. तुझं सगळे ऐकतात.

बुद्धपौर्णिमेला माझ्या वाटची खीर खा.

तुझी,
दीक्षा


नंदनवन, नागपूर
२५ मे २०२४

दीक्षास,
जयभीम.

त्या बाईला मी ओळखते. तुझ्या सांगण्यावरून तिला समजावून पाहिलं. ती ऐकत नाही. लहानपणापासून तशीच आहे. तुझ्या बापाला विचार. देवराव तिचा धाकटा भाऊ लागतो.

होय, मीच ती. व्हरांड्यातली म्हातारी. पहिले काही दिवस सोडले तर मी त्या हॉलच्या आत पाय ठेवला नाही. प्रीतीची गैरहजेरी लागत होती. कोणीतरी एकीनं बाहेर बसल्याशिवाय दुसरीला आत बसता येत नव्हतं. मग म्हटलं, तिला पुढे पाळणाघर चालवायचं आहे, ती आत बसू दे. मला खिडकी पुरते. मयुराचं लेकरू आलं, मग आणखी दोघींची आली. मी काय त्यांना नियम वाचून दाखवायला हवा होता?

तुझ्यापासून लपवलं, हे खरं आहे. सांगितलं असतं तर तू फोन फिरवला असतास आणि माझ्यापुरता दरवाजा उघडला असता, आत्या म्हणून. मला आत्या म्हणून नको होता.

आता त्या दिवशी काय झालं ते ऐक. मंगळवारी, पाहुणे यायच्या आधीच, वामनराव माझ्यापाशी आला. नजर जमिनीवर.

"माय, पुण्यावरून फोन आला. झोका सोडा म्हंते."

"कोण म्हंते?"

"कोणी मोठ्या मॅडम आहेत."

"लेकरू झोपून राहिलं गा. त्याले उठू तर दे."

"मी थांबतो जी. पण जास्त नाही थांबता येत. उद्या मलेच काढतीन."

तो खरोखर थांबला. भिंतीला टेकून बसला. प्रशिक जागा झाला तेव्हा त्यानं स्वतःच्या हातानं गाठ सोडली, लुगडं नीट घडी करून माझ्या हातात दिलं. तुझ्या हुकुमाची घडी मी अजून उलगडलेली नाही.

गेटपाशी सावली नाही. गाड्या लावतात तिथे एक टिनाचा तुकडा आहे, त्याच्याखाली बसले. बाकीच्या तिघींनी आपापली लेकरं उचलली आणि ट्रेनिंग सोडून घरी गेल्या. त्या परत आल्या नाहीत. प्रीतीला मी जाऊ दिलं नाही. म्हटलं, अर्धं तर झालं, बसून राहा. ती जिद्द माझी. दुपारी टिन तापलं. वारा असा की भट्टीचं दार उघडलं. मी डोक्याचा दुपट्टा भिजवून भिजवून आडवा धरत होते. प्रशिक आधी रडला, मग रडायचा थांबला. ज्यानं लेकरं सांभाळली त्याला विचार, रडणारं लेकरू बरं. त्याची दुपटी कोरडी ती कोरडीच. डोळे अर्धे मिटलेले. मी खालून ओरडले, "प्रीती, ये वं खाली." खिडकी बंद होती. पाहुण्यांसाठी दुसरा कूलर लावायचा म्हणून सगळ्या खिडक्या बंद केल्या होत्या. शेवटी वामनराव चपला टाकून वर धावला.

विक्कीच्या ऑटोतून दवाखान्यात नेलं. इवल्याशा हाताला सलाईन. नस सापडेना, दोनदा टोचलं. बुद्धपौर्णिमा आमची त्या वॉर्डात झाली. तुझ्या वाटची खीर कोणी केली नाही. काल घरी आणला. आता पितो, हसतो. घाबरू नको. घाबरायचं ते आमचं घाबरून झालं.

प्रीती म्हणते, "आत्याबाई, मले नको ते सर्टिफिकेट. पाळणाघर बंद झालं तर होऊ दे." तिला नको असून चालणार नाही. मागच्या गल्लीतली पोलीसवाली वंदना, मॉलमध्ये उभ्या राहणाऱ्या पोरी, चार घरची भांडी घासणाऱ्या, सगळ्यांची लेकरं त्या दोन खोल्यांत असतात. कुलूप आमच्या दाराला लागेल आणि अडकतील त्या.

एक गोष्ट तुला कधी सांगितली नव्हती, सांगायची गरज पडली नाही म्हणून. तुझी आई नर्सिंग शिकत होती तेव्हा तू तिच्या अंगावर पीत होतीस. मी तुला घेऊन तिच्या वर्गाबाहेर बसायची. कठड्याला झोका बांधायची. तिथल्या सिस्टरबाई फार कडक होत्या, सगळ्या पोरी त्यांना कापायच्या. पण माझ्यासाठी त्या खिडकी उघडी ठेवायच्या. एक दिवस म्हणाल्या, बसलीच आहेस तर ऐक. चौथीत शाळा सुटलेली मी. ताप कसा पाहावा, जुलाबात काय पाजावं, लेकरू कधी उचलावं आणि कधी निजू द्यावं, हे सगळं मी त्या खिडकीतून शिकले. त्या भांडवलावर पाळणाघर उघडलं. तुझी आई नर्स झाली, तू शिकलीस, पुण्याला मोठ्या खुर्चीवर बसलीस. आणि बसल्या बसल्या पहिली खिडकी लावून घेतलीस.

मी पहिल्या पत्रात विचारलं होतं, हा नियम कोणाच्या डोक्यातून निघाला. तू लिहिलंस, पाच जण मिळून ठरवतात. मला पाच नावं नको आहेत. एक सांग.

भीमाबाई


पुणे
२९ मे २०२४

आत्या,

नियम मी काढला. ते वाक्य माझं आहे. बाकीच्या चौघांनी नुसत्या माना डोलावल्या.

 प्रशिकची चौकशी विक्कीला फोन करून केली. प्रीतीला करायचं धाडस झालं नाही.

का काढला ते सांगते. पटो न पटो. मला वाटलं होतं, या बायका दिवसभर दुसऱ्यांची मुलं सांभाळतात आणि घरी जाऊन आपली. निदान ट्रेनिंगच्या वेळात तरी त्यांना एका खुर्चीवर, रिकाम्या मांडीनं बसता यावं. कोणी पदर ओढू नये. मी हे चांगलं समजून लिहिलं होतं. पण ते मूल तोवर कोणाच्या मांडीवर असेल, हे माझ्या डोक्यात आलंच नाही. कारण मी लहान होते तेव्हा तू होतीस. मला वाटलं, प्रत्येकीकडे एक भीमाबाई असतेच.

काल वरिष्ठांशी भांडून तो कागद रद्द करून घेतला. तुमच्या केंद्रावर हॉलच्या बाजूची खोली मुलांसाठी उघडायला सांगितली आहे. खेळणी, गाद्या, पंखा, सगळं आठवडाभरात पोचेल. प्रीतीचे आणि सोडून गेलेल्या तिघींचे बुडलेले दिवस भरून घेऊ. त्यांची नावं कापली जाणार नाहीत.

राहिलीस तू. तुझी हजेरी पहिल्या काही दिवसांचीच आहे. पण तू सगळं ऐकलं आहेस हे मला माहीत आहे. मी इथून सांगितलं तर चारुलता तुझी हजेरी भरून देईल. फक्त हो म्हण. आत्या, एवढं तरी मला करू दे.

दीक्षा


नंदनवन, नागपूर
८ जून २०२४

चि. दीक्षास,
आत्याचा सप्रेम जयभीम.

नाव लिहिलंस, बरं केलंस. चुकलेली पोर परत आपलीच असते. पण राग माझा अजून उतरला नाही, आणि उतरला तरी तुला लगेच कळवणार नाही.

हजेरीचं म्हणशील तर ते होणार नाही. मी आत नव्हते. ज्या दिवसांत मी बाहेर होते ते दिवस तू आत लिहिलेस, तर बाहेर कोण होतं? उद्या कोणी म्हणेल, सगळ्या बायका आत होत्या, लेकरं सुखात होती, नागपूरला काही झालंच नाही. माझी गैरहजेरी तशीच राहू दे. तेवढाच एक पुरावा आहे.

आता तुझ्या खोलीचं ऐक. खोली मिळाली. भिंतीवर हत्ती काढला आहे, गाद्या आल्या, खेळणी आली. प्रीती, मयुरा आणि बाकीच्या दोघी लेकरं घेऊन पोचल्या. पाहतो तर खेळणी प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली, आणि दारावर नवा कागद. मुलांची जबाबदारी पालकांची राहील. मी वामनरावला विचारलं, "इथं लेकरं पाहाले कोण आहे?"

"कोणी नाही जी. खोली आहे."

"खोली लेकरू पाहते का गा?"

"मले वाटलंच होतं तुमी विचारसान," असं म्हणून तो हसायला लागला.

बैल गेला नि झोपा केला असं म्हणतात. तुम्ही तर झोपाही केला आणि राखण्या ठेवायचा विसरलात. लेकरांच्या ट्रेनिंगवाल्यांना खोली सुचते, रंग सुचतो, हत्ती सुचतो, आणि बाई सुचत नाही. मला परत बसता आलं असतं त्या हत्तीखाली. गुडघ्यांनी नाही म्हटलं आणि डोक्यानंही नाही म्हटलं. मी बसले की तुमचं भागतं. भागतं म्हणून पुन्हा कोणी विचार करत नाही.

प्रशिकला काखेत घेतलं आणि सरळ हॉलमध्ये गेले. बाकीच्या तिघी माझ्यामागे. मॅडम रबराच्या लेकराची मान धरून काही सांगत होत्या. त्या थांबल्या.

"भीमाबाई, तुमचं नाव आता यादीत..."

"माहीत आहे, मॅडम. मी नाही बसत. हे बसन."

टेबलापाशी गेले, रबराचं लेकरू उचललं आणि दारात उभ्या वामनरावाच्या हातात दिलं. "धर याले. रडत नाही, पीत नाही, तुले त्रास नाही." मग गादीवर प्रशिकला निजवलं. कूलरचं तोंड जरा वळवलं, थेट वारा नको म्हणून. ते मॅडमनीच शिकवलं आहे, खिडकीतून ऐकलं होतं मी.

 मला वाटलं, आता मला बाहेर काढतील, आणि काढलं असतं तर मी गेलेही असते. पण चारुलता मॅडम मोरीवर गेल्या, साबणानं हात धुतले, पदरानं नाही, स्वच्छ फडक्यानं पुसले. परत आल्या आणि प्रशिकच्या मानेखाली हात घालून त्याला उचललं. काय सुरेख उचललं, दीक्षा. हाताला घाई नाही, भीती नाही. प्रशिक त्यांच्याकडे टकामका पाहत राहिला. तू त्यांना निवडलंस ते चूक नव्हतं. सगळं येतं त्यांना, खरं लेकरू तेवढं कोणी हाती दिलं नव्हतं.

"हं, मान अशी धरायची," त्या म्हणाल्या, आणि त्यांचा तो खणखणीत आवाज थोडा खाली आला, लेकरू जवळ असलं की येतो तसा. मग बाकीच्या तिघींची लेकरंही पुढे आली. एक रडलं. त्यावर धडा झाला, का रडलं असेल? एकीनं म्हटलं भूक, एकीनं म्हटलं झोप. मयुरा म्हणाली, "कूलरचा आवाज." कूलर बंद केला तर गप्प झालं. असं उत्तर रबराच्या लेकरानं कोणाला दिलं असतं का? तेवढ्यात प्रशिकनं मॅडमची साडी ओली केली. सगळ्या बायका हसल्या, मॅडमही हसल्या. दवाखान्यापासून मी ज्या कोरड्या दुपट्याला भ्यायले होते, ते ओलं पाहून मला मात्र दोन मिनिटं भिंतीकडे तोंड करून उभं राहावं लागलं.

बाहेर वामनराव स्टुलावर रबराचं लेकरू मांडीवर घेऊन बसला होता. मला म्हणतो, "माय, याले पाणी पाजू का? ऊन लय आहे."

त्या दिवसापासून वर्ग तसाच चालतो. एक एक बाई पाळीपाळीनं त्या हत्तीच्या खोलीत लेकरांपाशी बसते आणि तिची हजेरी लागते, कारण ते शिकणंच आहे, असं मॅडम म्हणाल्या. ही गोष्ट त्यांनी स्वतः ठरवली, पुण्याला विचारलं नाही. तू आता त्यांना रागावू नको.

प्रीतीचे दिवस भरत आले. सर्टिफिकेट तिलाच मिळेल. पाळणाघराच्या पाटीवर आता तिचं नाव वर लिहायचं, माझं खाली, मदतनीस म्हणून. रंगवाल्याला सांगून ठेवलं आहे. प्रीती तोंड फुगवून बसली, "आत्याबाई, मले लाज वाटते." तिला म्हटलं, लाज ज्यांना वाटायची त्यांना वाटली, तू पाटी पुस.

मी पुढच्या बॅचला नाव देणार आहे. दिवाळीनंतर आहे म्हणतात. यावेळी पहिल्या रांगेत, खुर्चीवर, रिकाम्या मांडीनं बसणार. ते तुझं वाक्य मला आवडलं आहे. पण तेव्हा प्रशिक रांगत असेल, आणि प्रीती पाळणाघरात असेल. मयुराचंही लेकरू उभं राहायला लागलं असेल. त्यांच्यामागे कोण धावेल, तिचं नाव काय आणि तिला पगार कोण देईल, हे तुमच्या पाच जणांनी आधी ठरवावं. कागदावर लिहावं. खाली तुझी सही असावी.

मग मला बोलाव.

तुझी आत्या,
भीमाबाई